डेंगळा यावा म्हणून

मी कांदा उभा चिरला आणि आत फूल निघालं.

अगदी खरंखुरं फूल! गेल्या ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाट, पाटावर दोन फाका केलेला तो कांदा आणि माझ्या हातात लेकीचं खेळण्यातलं भिंग. पांढऱ्या, रसरशीत पापुद्र्यांच्या मधोमध, बुडाशी एक हिरवट कोंब होता. कोंबाला गुंडाळलेली पानं होती आणि पानांच्या कुशीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी कळी. सुईच्या टोकानं ती उलगडली तर सहा पुंकेसर मोजता आले. मी दोनदा मोजले. मध्ये तीन पाखांचं इवलं स्त्रीकेसर. माती नाही, पाणी नाही, आणि ह्या पठ्ठ्यानं सगळं फूल आत घडवून तयार ठेवलंय! एप्रिलमध्ये उमलायचं फूल ऑक्टोबरात पोटात घेऊन तो दुकानातल्या पेटीत मुकाट पडून होता.

मी निफाड तालुक्यातली. कांद्यात जन्मले, कांद्यात वाढले. रोप टाकणं, वाफे बांधणं, लागण, निंदणी, काढणी, कांदे साठवायची चाळ भरणं, सगळं ह्या हातांनी केलंय. कांदे तर किती चिरले असतील ह्याचा हिशेबच नाही. पण कांद्याच्या पोटात काय दडलेलं असू शकतं हे मला चाळिशीला टेकल्यावर, घरापासून सात हजार किलोमीटरवर, एका शहाऐंशी वर्षांच्या डच आजीनं दाखवलं. तेव्हापासून आठ महिने मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आणि आता लिहून सांगते आहे.

आम्ही गेल्या सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या अल्मेरे गावात राहायला आलो. रांगेतलं घर, मागे आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद बाग. बाग म्हणजे तेव्हा नुसतं गवत आणि कडेला उघडी माती. ती माती मी पहिल्याच दिवशी खुरप्यानं उकरली. (खुरपं आईनं सामानात दिलं होतं. परदेशी जाणाऱ्या लेकीला आई खुरपं देते, ह्यातच आमचं घर आलं.) चिकण, राखाडी, जड माती, आणि तिच्यात शिंपले! एक नाही, मूठभर. मी चक्रावलेच. मग कळलं की १९६८ सालापर्यंत इथे जमीनच नव्हती. पाणी होतं. त्याआधी १९३२मध्ये ह्या लोकांनी समुद्राच्या एका आखातापुढे मोठा बांध घालून त्याचं सरोवर केलं, मग त्यातला एकेक तुकडा बंधाऱ्यांनी वेढून पाणी उपसलं आणि तळ उघडा केला. १९७६मध्ये अल्मेऱ्यात पहिली माणसं राहायला आली. म्हणजे माझ्यापेक्षा हे गाव काही फार मोठं नाही. समुद्राच्या तळाशी बाग करायची होती मला!

तर ऑक्टोबरात गावातल्या बागसामानाच्या दुकानात गेले आणि दारातच थबकले. लाकडी पेट्यांच्या रांगाच रांगा, आणि पेट्यांत कांदे. तपकिरी सालीचे, जांभळट सालीचे, कागदासारखा पापुद्रा सुटलेले. काही तर आपल्याकडे असतात तशाच जाळीच्या पिशव्यांत. आणि पाटीवर प्रतवारी! बारा, अकरा-बारा, दहा-अकरा. हा कांद्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये. आमच्याकडे मोठा माल, गोल्टा, गोल्टी असं निवडतात तसंच. माझे हात आपोआप चालायला लागले. बोटांनी दाबून बघायचा, मान घट्ट आहे का, बूड कोरडं आहे का, कुठे बुरशी आहे का. शेजारी उभा असलेला दुकानातला मुलगा कौतुकानं बघत राहिला.

आणि मग एका पेटीजवळ तो वास आला.

ओळखीचा! चाळीचं दार उघडल्यावर येतो तो. मी पेटीत हात घातला, एक कांदा उचलून नखानं साल खरवडली. कांदाच. पाटीवरचं नाव वाचलं, ‘अलियम’. आमच्या घरी बियाण्याच्या डब्यावर छापलेलं असायचं, ‘एलियम सेपा’. हे त्याच गणगोतातलं, फक्त खाण्याचं नव्हे, फुलाचं. म्हणजे ह्या देशात लोक पैसे मोजून कांदे नेतात, बागेत पुरतात, कशासाठी, तर त्याला दांडा फुटावा आणि गोंडा यावा म्हणून!

ज्याला कांद्याची शेती ठाऊक नाही त्याला ह्यातला धक्का कळायचा नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे कांद्याला मधूनच फुलाचा दांडा फुटला की त्याला डेंगळा म्हणतात. डेंगळा म्हणजे नुकसान. कांदा पोसत नाही, मधून दांडा निबर होतो, चाळीत टिकत नाही, बाजारात भाव मिळत नाही. रांगड्या, म्हणजे हिवाळ्यात पोसणाऱ्या कांद्याच्या वाफ्यातून हिंडताना नाना, म्हणजे माझे वडील, दिसला डेंगळा की कट्‌कन मोडत. आम्हा पोरांनाही तेच काम असे. त्या हिरव्या दांड्याचा मोडतानाचा आवाज अजून कानात आहे. बियाण्यासाठी राखलेला एखादा वाफा सोडला, तर कांद्याचं फूल म्हणजे शेतकऱ्याची हळहळ. आणि इथे त्या फुलाच्या फोटोची पाटी, खाली किंमत!

मी घेतले. अलियमचे तीन, ‘पर्पल सेन्सेशन’ नावाचे, आमच्या गोल्टीएवढे. चाळीस ट्यूलिप, वीस छोटे नार्सिसस, दहा हायसिंथ, पन्नास क्रोकस. पिशवी पेलवत नव्हती.

शेजारच्या आजींची ओळख त्याच दुपारी झाली. इथे शेजारणीला ‘बूरफ्राउ’ म्हणून हाक मारतात, नावानं नाही. मला ते फार आवडलं, आपल्याकडच्या ‘शेजारीणकाकू’सारखं. मी कुंपणापाशी कांदे मांडून, सुरी घेऊन बसले होते. आमच्याकडे बियाण्यासाठी कांदा लावताना त्याचा वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकतात, कोंब लवकर फुटतो. मी ट्यूलिपला तेच करायला निघाले, तर कुंपणापलीकडून हात आला आणि माझं मनगट धरलं. “नको, नको! आत फूल आहे.” मला वाटलं, त्या बोलण्याच्या ओघात म्हणतायत. मग त्याच आत आल्या, एक कांदा उचलून मला ओट्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, हा एक आपण खर्ची घालू. चीर उभा.

असं ते फूल निघालं.

आजी त्या दोन फाकांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आई हे सुरीच्या टोकानं काढून टाकायची.’ दुसऱ्या महायुद्धातला १९४४-४५चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपलं, सुमारे वीस हजार माणसं त्यात गेली, आणि लोकांनी ट्यूलिपचे कांदे शिजवून खाल्ले. शेतकऱ्यांकडे न लावलेले कांदे पडून होते, त्यांत पिष्ट असतं, म्हणून ते वाण्याकडे विकायला आले. मधला पिवळसर कोंब मात्र काढून टाकायचा, तो बाधतो, अशी सूचना असायची. आजी तेव्हा सहा वर्षांच्या, अॅमस्टरडॅममध्ये. चव विचारली तर म्हणाल्या, ओल्या भुशासारखी. एवढं बोलून त्यांनी उरलेले एकोणचाळीस कांदे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, चल, अंधार पडायच्या आत लावू.

लावणीनं मला पुन्हा चक्रावून सोडलं. कांदा कसा, मातीच्या वर बसतो. मुळं खाली, कांदा उजेडात, अर्धाअधिक उघडा. खोल लावलात तर पोसतच नाही. आणि आजी मला पंधरा सेंटिमीटर खोल पुरायला सांगत होत्या! कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, शेंडा वर, बूड खाली, दोन कांद्यांत चार बोटं अंतर. त्यांच्याकडे पोकळ पत्र्याच्या नळीसारखं अवजार होतं. जमिनीत दाबायचं, फिरवायचं, मातीचा गोल गठ्ठा वर येतो. आमची माती चिकण म्हणून खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकायची, पाणी साचून बूड कुजू नये म्हणून. हायसिंथला हात लावताना त्यांनी मला हातमोजे दिले. त्याची साल खाजते, सुरणासारखी, आणि कारणही सुरणाचंच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. क्रोकस मात्र मुळी कांदाच नाही. तो कापून पाहिला तर पापुद्रे नाहीत, आतून भरीव, थेट अळकुडी. आणि हे ऐका: क्रोकसचा नवा कंद दर वर्षी जुन्याच्या डोक्यावर तयार होतो. असं होत राहिलं तर काही वर्षांत तो जमिनीबाहेरच येईल ना? म्हणून त्याला खास मुळं फुटतात, जाड, जी आक्रसतात आणि कंदाला खाली ओढून घेतात. स्वतःला स्वतः मातीत खेचून घेणारी वनस्पती! मी हे नवऱ्याला रात्री साडेअकराला उठवून सांगितलं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे फुलांचे कांदे स्वयंपाकघरातल्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका. नार्सिसस वनस्पतिशास्त्रानं कांद्याच्याच कुळातला, दिसायलाही तसाच, पण विषारी. पोटात गेला तर उलट्या होऊन माणूस हैराण होतो. उंदीर त्याला तोंड लावत नाहीत. ट्यूलिपवर मात्र ते तुटून पडतात, म्हणून आजींनी ट्यूलिपच्या भोवतीनं नार्सिससचं कडं लावून घेतलं.

मग हिवाळा. साडेचारला अंधार, सकाळी गवतावर पांढरी खरड. बागेत काही म्हणजे काही नाही. डिसेंबरात मला राहवेना. नळीनं एक गठ्ठा हळूच उचकटला आणि श्वास रोखला. वर कोंबाचा पत्ता नव्हता, पण बुडाखाली मुळांचा केवढा पांढराशुभ्र झुबका! घट्ट, टवटवीत, वाळूच्या कणाकणाला धरून बसलेला. वर सगळं मेल्यासारखं, आणि खाली इतकी धांदल. मी तो तसाच परत बसवला आणि आजींना सांगायला पळत गेले. त्या म्हणाल्या, थंडी पडू दे, थंडीच हवी त्याला.

आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख पडलं. थंडी! ट्यूलिपला बारा ते सोळा आठवडे चांगली थंडी लागते, पारा नऊ अंशांच्या आसपास किंवा खाली. थंडीत कांद्यातल्या पिष्टाची साखर होते, आत तयार असलेल्या कळीचा दांडा लांबण्याची तयारी होते. थंडी मिळाली नाही तर फूल आतल्या आत बुटकं राहतं किंवा सुकून जातं. आणि आमच्या निफाडात डेंगळे कधी येतात? डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की! निफाडच्या थंडीची दर वर्षी बातमी होते, आणि ती बातमी वाचताना शेतकऱ्याच्या मनात द्राक्षं असतात आणि रांगडा कांदा. कांद्याला थंडी लागली की तो समजतो, हिवाळा झाला, आता फुलायचं. कांदा खरं तर दोन वर्षांचा गडी. पहिल्या वर्षी पोट भरायचं, हिवाळा काढायचा, दुसऱ्या वर्षी ते पोट खर्चून फुलायचं. आम्ही त्याला पहिल्या अध्यायातच उपटतो. डेंगळा हा रोग नव्हे, बिघाड नव्हे. कांदा आपली गोष्ट पुरी करत असतो. चाळीस वर्षं मी त्या गोष्टीचा पहिला अर्धा भागच वाचत होते.

फेब्रुवारीत, शाळेच्या सुट्टीत, क्रोकस आले. ह्या सुट्टीला इथे क्रोकसची सुट्टी असंही म्हणतात. गवतातून थेट, पानाच्या आधी जणू फूलच, जांभळं आणि पिवळं, बोटभर उंच. ऊन पडलं की उघडायचे, ढग आला की मिटायचे. लेक पालथी पडून त्यांच्यात बघायची. मार्चमध्ये नार्सिसस, मग हायसिंथ. त्याच्या वासानं मला एकदम निशिगंधाची आठवण झाली, जरी वास तोच नव्हे. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ट्यूलिप. ‘आपेलदोर्न’ जातीचे, लालभडक, बुडाशी काळा डोळा. एकोणचाळीस लावले, सदतीस आले! ते सकाळी घट्ट मिटलेले असतात आणि दुपारच्या उबेत वाटीसारखे उघडतात. तोडून फुलदाणीत ठेवले तरी त्यांचे दांडे वाढतच राहतात. मी पट्टी घेऊन मोजले.

ट्यूलिपबद्दल मी मिळेल ते वाचत सुटले होते. तो मुळात इथला नाहीच, मध्य आशियातल्या डोंगरांतला. तुर्कस्तानमार्गे युरोपात आला, त्याच्या नावातसुद्धा पागोटं आहे. कारोलस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३मध्ये लायडनच्या विद्यापीठात आला आणि पुढच्या वर्षी तिथल्या बागेत ट्यूलिप फुलले. पुढे चाळीसएक वर्षांत भाव असे भडकले की एकेका दुर्मीळ कांद्याला घराएवढी किंमत बोलली जाऊ लागली, आणि १६३७च्या फेब्रुवारीत हार्लेमच्या लिलावात बोली लावायला कुणी पुढे येईना. भाव कोसळले. लोक ह्याला वेडेपणा म्हणतात. मी लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरवर बसून भाव फुटायची वाट बघितलेली मुलगी, मला त्यात वेडेपणापेक्षा त्या सकाळी माल घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. आणि ज्या चट्ट्यापट्ट्यांच्या फुलांसाठी जीव टाकला जात होता ते पट्टे एका विषाणूमुळे येत. तो पसरवतो कोण, तर मावा! हे कळायला १९२०चं दशक उजाडावं लागलं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही उत्तरेला नोर्डओस्टपोल्डरला गेलो. ही जमीनही पाण्यातून काढलेली, आणि ट्यूलिपची शेतं तिथे नजर पोचेल तिथवर. लाल पट्टा, पिवळा पट्टा, जांभळा पट्टा, रस्त्यापासून क्षितिजापर्यंत. मी गाडी थांबवायला लावली. आणि माझ्या डोळ्यांदेखत एक यंत्र शेतात शिरलं आणि फुलांची मुंडकी उडवत निघालं. रांगच्या रांग. मागे नुसती हिरवी पानं आणि सरीत पाकळ्यांचा खच. बरोबरचे सगळे हळहळले. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण मला ते कळलं. सांगायची गरजच पडली नाही. फूल ठेवलं तर ते बी धरणार आणि कांद्याचं बळ खाणार. ह्या शेतकऱ्याला फूल नकोय, कांदा पोसायला हवाय. लावलेला जुना कांदा फुलापायी झिजून संपतो, त्याच्या जागी नवे कांदे तयार होत असतात, तेच त्याचं पीक. दांडा मोडायचा, पात राखायची, पात पिवळी पडून वाळली की जून-जुलैत काढणी. डेंगळे मोडायला नानांनी यंत्र आणलं होतं म्हणायचं! मी बांधावरून उतरून दोन मुंडकी उचलली आणि ओंजळीत धरून उभी राहिले. जवळच दुसऱ्या रानात हिरव्या सुया नुकत्या वर येत होत्या. वाकून एक पात चुरगाळली. कांदा. खायचा. ह्या भागात तोही पिकतो, शेजारी शेजारी.

घरी येऊन मीही माझ्या ट्यूलिपची सुकलेली मुंडकी मोडली. तोच आवाज.

अलियम तेवढे राहिले होते. मे महिन्याच्या मध्याला तीन दांडे कमरेएवढे झाले, टोकाला पातळ पिशवीत बांधलेली कळी. पिशवी तडकली आणि गेल्या आठवड्यात, सकाळी सहाला, पहिला गोंडा पुरा उमलला. जांभळा! मोसंबीएवढा गोल, शेकडो चांदण्या एका चेंडूत बसवलेल्या, आणि त्या वेळीसुद्धा त्यावर एक जाडजूड भुंगा. निफाडला तेव्हा साडेनऊ. मी चपला न घालताच बागेत उभं राहून नानांना व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन गोंड्यासमोर धरला.

नाना बराच वेळ बघत होते. मागे चाळीत कुणीतरी कांदे निवडत असल्याचा खळखळ आवाज येत होता.

“डेंगळाच ना गं हा?”

“डेंगळाच, नाना. मुद्दाम आणलाय. त्यासाठीच लावतात इथं.”

“जांभळा!” ते म्हणाले. आईला हाक मारली, तिला दाखवला. मग फोन पुन्हा स्वतःकडे घेऊन, चष्मा वर करून विचारलं, “बी धरतो का?”

मी म्हटलं, धरतो, पण बियापासून फूल यायला तीन-चार वर्षं जातात.

“जाऊ दे की. तुला कुठं घाई आहे? तीनपैकी एक राख. गोंडा वाळू दे, बी काळं दिसलं की सकाळी दहिवरात कापून घे, उन्हात कापलास तर सांडेल. आणि खूण करून ठेव, नाहीतर कुणी मोडून टाकील.”

लेकीच्या वेणीची लाल रिबीन खुर्चीवर पडली होती. मी ती उचलली आणि मधल्या दांड्याला बांधली.